मोजलेलीं मतें व न मोजलेलीं माणसें

माणूस जन्माला येतो तो तीन ऋणें माथ्यावर घेऊनच येतो, असें आपले पूर्वज सांगून गेले आहेत: देवांचें, ऋषींचें व पितरांचें. यांपैकीं कोणत्याही खतावर त्यानें स्वतः सही केलेली नसते. तरीही तीं फेडल्यावांचून त्याची सुटका नाहीं. आजच्या नगरवासी मनुष्याच्या वांट्याला यांत आणखी एका ऋणाची भर पडली आहे, व तें म्हणजे ज्या शहरांत तो राहतो त्या शहराचें कर्ज. पहिलीं तीन ऋणें कोणत्या घटकेला व कोणाच्या साक्षीनें उत्पन्न झालीं हें कोणासही सांगतां येणार नाहीं. या चौथ्याचा जन्म मात्र डोळ्यांनीं पाहतां येतो. आम्ही तो एकदां पाहिला. आणि त्याविषयींच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यांतील एका लहानशा शहरीं आमच्या पुतण्याचें बिऱ्हाड आहे. त्याच्याकडे आम्ही कांहीं महिने राहावयास गेलों होतों. शहरांतील जुने नळ बदलण्यासाठीं व आगीच्या बंबांचें ठाणें नव्यानें बांधण्यासाठीं तीस वर्षांच्या मुदतीचे कर्जरोखे काढावे कीं काढूं नयेत, हा प्रश्न त्या वर्षींच्या नोव्हेंबरांतील निवडणुकींत मतदारांपुढें ठेवला होता. तेथें नुसतें बहुमत या कामीं पुरत नाहीं. वर्षाच्या उत्पन्नांतून फिटणार नाहीं असें कर्ज शहरानें काढावयाचें तर दोन-तृतीयांश मतदारांची संमति पाहिजे, असा निर्बंध १८७९ सालच्या राज्यघटनेपासून चालत आला आहे. शाळांच्या रोख्यांपुरती ही अट २००० सालीं शेंकडा ५५ वर आणण्यांत आली. घरबांधणी व सार्वजनिक बांधकामें यांच्या रोख्यांनाही तीच सवलत द्यावी, अशी सूचना २०२४ सालीं मतदारांपुढें आली. ती त्यांनीं फेटाळून लाविली. कर्जाच्या बाबतींत हे लोक आपण समजतों तितके बेफिकीर नाहींत.

मतदान झालें कीं दुसऱ्या दिवशीं निकाल हातीं येतो अशी आमची समजूत होती. परंतु तेथें बहुतेक मतें टपालानें येतात. मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असलेला लिफाफा पुढें सात दिवसांपर्यंत पोंचला तरी तो हिशेबांत धरावा लागतो. प्रत्येक लिफाफ्यावरील सही दप्तरांतील सहीशीं ताडून पाहतात. शिवाय शेंकडा एक मतदानकेंद्रें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडून तेथील मतें माणसांनीं हातानें पुनः मोजावयाचीं असा कायदा आहे. हें सर्व उरकून जिल्ह्याचा निवडणूक-अधिकारी आंकड्यांचा दाखला शहराकडे पाठवितो. आणि मग शहराची सभा ठराव करून जाहीर करते कीं, अमुक दिवशीं निवडणूक झाली, अमुक मतें पडलीं, सबब प्रस्ताव संमत झाला.

डिसेंबरांतील त्या रात्रीं सभागृहांत आम्हांला धरून श्रोते सातआठच असतील. चिटणीसबाईंनीं संथ आवाजांत ठराव वाचला. दोन-तृतीयांशांची रेषा प्रस्तावानें जेमतेम ओलांडली होती. सभासदांपैकीं एका वृद्ध गृहस्थांनीं या कर्जाविरुद्ध महिनाभर दारोदार हिंडून प्रचार केला होता. त्यांचें पत्रक आमच्या पुतण्याच्या दारींही येऊन पडलें होतें. अनुमोदन कोणाचें, असें विचारतांच हात वर झाला तो नेमका या गृहस्थांचाच. चेहऱ्यावर ना राग, ना हांसूं. ठराव एकमतानें मंजूर झाला व सभा रस्त्याकडेच्या झाडांच्या छाटणीच्या विषयाकडे वळली. कोट्यवधि डॉलरांचें ऋण जन्माला आलें, आणि त्याच्या बारशाला कोणी टाळीही वाजविली नाहीं.

वाचक म्हणतील, यांत विशेष तें काय? आंकडे वरून आलेले, कायदा ठरलेला. सभासदांना ‘नाहीं’ म्हणण्याची मुभाच नाहीं. मग हात वर करविण्याचें हें सोंग कशाला? आमच्याही मनांत ही शंका आली होती. परंतु थोडा इतिहास चाळल्यावर या कोरड्या ठरावाचें मोल आमच्या ध्यानीं आलें. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील कित्येक गांवांनीं व जिल्ह्यांनीं आगगाडीच्या हव्यासानें रोखे काढले, आणि फेडीची वेळ येतांच निवडणूकच नियमानुसार झाली नव्हती अशी सबब पुढें केली. इंडियाना राज्यांतील नॉक्स जिल्ह्याचा असा एक खटला वरिष्ठ न्यायालयाच्या १८५८ च्या सत्रांत चालला. निवडणुकीची सूचना नीट दिली नव्हती, म्हणून रोखे रद्द, असें जिल्ह्याचें म्हणणें. न्यायालयानें सांगितलें कीं, निवडणूक रीतसर झाली कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार तुमच्याच मंडळाला होता. त्यानें ती झाली असें रोख्यावर एकदां लिहून दिलें, व त्या शब्दावर विसंबून परक्यानें पैसे मोजले. आतां तो शब्द तुम्हांला मागें घेतां येणार नाहीं. तात्पर्य, पैसा देणारा इमारत पाहून देत नाहीं. तो हा शब्द पाहून देतो. आजही रोखे विकतांना वकील ज्या कागदांचें बाड बांधतात त्यांत निकालाच्या ठरावाची प्रमाणित नक्कल असावी लागते.

आणि हा शब्द देण्याचें कोणी नाकारलेंच तर? न्यू मेक्सिको राज्यांतील ओटेरो जिल्ह्यांत २०२२ च्या जूनमध्यें तसेंही घडलें. तिघांच्या मंडळानें प्राथमिक निवडणुकीचा निकाल प्रमाणित करण्याचें साफ नाकारलें. कारण इतकेंच कीं, मतयंत्रांवर आमचा विश्वास नाहीं. पुरावा पुढें आला नाहीं. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाची आज्ञा झाली, तेव्हां दोन विरुद्ध एक मतानें तो निकाल मंजूर झाला. ही हकीकत कळल्यापासून त्या वृद्ध गृहस्थांचा वर गेलेला हात आम्हांला फार मोठा वाटूं लागला आहे. कर्ज वाईट आहे हें त्यांचें मत त्या रात्रींही कायमच होतें. परंतु लोकांनीं काय म्हटलें व लोकांनीं काय म्हणावयास हवें होतें, या दोहोंतील अंतर त्यांना कळत होतें. पराभूतानें विजेत्याची मोजणी खरी म्हणून सांगणें हा लोकशाहीचा कणा आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

येथवर सर्व समाधानाचेंच होतें. परंतु घरीं परततांना पुतण्या गाडी चालवीत सहज बोलून गेला, “काका, हा कर मलाही बसणार. मत मात्र मला नव्हतें.”

तो तेथें कायमचा रहिवासी आहे, नागरिक नाहीं. घर त्याच्या नांवाचें. १९७८ च्या घटनादुरुस्तीनें तेथील घरपट्टीला मालमत्तेच्या शेंकडा एकची मर्यादा पडली. पण मतदारांनीं मंजूर केलेल्या रोख्यांची फेड त्या मर्यादेबाहेर, वेगळी वसूल होते. म्हणजे दरवर्षींच्या बिलांत ही नवी रक्कम येणार.

“मग तुला याचा राग नाहीं येत?” आम्ही विचारलें.

“राग कसला? नळाला पाणी मलाही येणारच कीं. पण तुम्ही ते आंकडे ऐकलेत ना, त्यांत ‘हो’मध्येंही मी नाहीं आणि ‘नाहीं’मध्येंही नाहीं. एवढेंच.”

या ‘एवढेंच’वर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. याच राज्यांतील लॉस एंजेलिस शहराची गोष्ट या संदर्भांत आठवते. ७ सप्टेंबर १९०५ रोजीं तेथील मतदारांनीं दूरच्या ओवेन्स खोऱ्यांतील जमीन व पाण्याचे हक्क घेण्यासाठीं पंधरा लाख डॉलरांच्या रोख्यांना सुमारें चौदास एक या प्रमाणांत संमति दिली. १९०७ च्या जूनमध्यें कालव्यासाठीं आणखी दोन कोटि तीस लाखांना, सुमारें दहास एक या प्रमाणांत. ५ नोव्हेंबर १९१३ रोजीं २३३ मैलांवरून, कोठेंही पंप न लावतां, केवळ उताराच्या बळावर पाणी शहराजवळ आलें. बहुमत एवढें प्रचंड कीं मोजणीविषयीं शंकेला जागाच नव्हती. परंतु मोजलें कोणाला? कॅलिफोर्नियांतील स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९११ सालीं. म्हणजे ज्यांच्या हातांनीं घरोघर तें पाणी वापरलें जाणार होतें त्यांचें मत त्यांत नव्हतें. खोऱ्यांतील शेतकरी व तेथले मूळचे पायूट लोक शहराच्या हद्दीबाहेरचे. त्यांना कोण विचारणार? १९२४ सालीं चिडलेल्या शेतकऱ्यांनीं सुरुंग लावून कालवा फोडला. १९२६ च्या सुमारास ओवेन्स सरोवर कोरडें पडलें. आणि त्याच्या तळाची धूळ बसविण्यासाठीं त्याच शहराला एकविसाव्या शतकांत अब्जावधि डॉलर खर्चावे लागले. त्या रोख्यांची मुद्दल कधींच फिटली असेल. व्याज अजून चालू आहे.

आम्ही पुण्याचे असल्यामुळें तुलना मनांत येणें साहजिक आहे. पुणें महानगरपालिकेनेंही २०१७ च्या जूनमध्यें चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठीं दोनशें कोटि रुपयांचे रोखे शेंकडा ७.५९ व्याजानें विकले. त्यासाठीं नगरजनांचें मत घेतलें नव्हतें. तसा निर्बंध आपल्याकडे नाहीं. प्रतिनिधि निवडावे व कर्जाचा विचार त्यांनीं व सरकारनें करावा, ही आपली रीत. तिचेही कांहीं गुण असतील. परंतु तिच्यांत एक उणीव आम्हांला जाणवते: कर्जाला ‘हो’ म्हणणारे किती व ‘नाहीं’ म्हणणारे किती, याचा आंकडाच आपल्या दप्तरीं नसतो. आपण सर्वच जण आमच्या पुतण्याच्या रांगेंत उभे असतों.

म्हणून त्या ठरावाविषयीं आमचें मत असें बनलें आहे. त्यानें मतदार शहाणे ठरत नाहींत, कर्ज योग्य ठरत नाहीं, वगळलेल्यांना न्याय तर मुळींच मिळत नाहीं. तो एवढेंच सांगतो कीं, ज्यांना विचारलें त्यांनीं असें उत्तर दिलें. परंतु हें एवढेंसें सत्य जर कोणी चोख लिहून ठेविलें नाहीं, तर पुढचा प्रश्न विचारावयास जागाच उरत नाहीं. चौदास एक हा आंकडा नोंदलेला आहे म्हणूनच आज आपल्याला विचारतां येतें कीं, हे पंधरा कोण होते, व त्यांत कोण नव्हते.

आमच्या पुतण्याची मुलगी तेथें जन्मलेली. ती जन्मानें त्या देशाची नागरिक आहे. त्या डिसेंबरांत ती पांच वर्षांची होती. अठराव्या वर्षीं ती मतदार होईल तेव्हां या कर्जाचीं सतरा वर्षें शिल्लक असतील. तोंपर्यंत दुसरें एखादें कर्ज, दुसरा एखादा प्रश्न तिच्यापुढें येईलच. कागदावर खूण करतांना, ज्याला ती खूण करतां येत नाहीं पण ज्याच्या बिलांत ती रक्कम येणार आहे असा कोणी शेजारीं राहत असेल, त्याची तिला आठवण व्हावी, एवढीच आमची इच्छा आहे.