पिक्चर कसा आहे?

कोल्हापुरात दोन गोष्टींवर मत द्यायला पात्रता लागत नाही. एक मिसळ आणि दुसरी पिक्चर. मिसळीवरचं भांडण फार तर कटापर्यंत जातं. पिक्चरवरचं थेट बाबूराव पेंटरांपर्यंत जाऊन पोचतं.

याला इतिहास आहे. १९१७ सालच्या डिसेंबरात बाबूरावांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरा स्वतः खटपट करून बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. १९२९ साली 'प्रभात'चा जन्मही इथलाच. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, पण आम्ही तिच्याकडे अजून सासरी गेलेल्या मुलीकडे पाहावं तसंच पाहतो. नाव सासरचं झालं, वळण आमचं! परिणाम असा, की कोल्हापुरातल्या दर दुसऱ्या माणसाच्या आजोबांनी कुठल्या तरी स्टुडिओत दिवा धरलेला असतो, घोडा आणून दिलेला असतो, नाही तर कुणाला तरी मिशा चिकटवलेल्या असतात. या सगळ्या आजोबांची बेरीज केली, तर त्या काळी गावात तिकीट काढून पिक्चर बघायला शिल्लक कोण राहत होतं, असा प्रश्न पडतो. मी बँकेत आहे. मला बेरजा करायची खोड आहे.

तर अशा या गावात अस्मादिक क्लार्क आहेत. बी. कॉम., सेकंड क्लास, वय पंचेचाळीस. सोमवारी काउंटर उघडला की पहिला खातेदार पासबुक पुढं सरकवतो आणि विचारतो, "काय साहेब, बघितलासा काय? कसा हाय?" पिक्चरचं नाव सांगायची गरज नसते. शुक्रवारी जो लागला तो. मागं पंधरा माणसांची रांग आणि पुढं हा प्रश्न. अशा वेळी मनुष्य अभिनय, छायाचित्रण आणि पटकथा यांवर बोलू शकत नाही. मी वीस वर्षांच्या नोकरीत त्यावर एक तोडगा काढला आहे. मी म्हणतो, "बरा आहे."

'बरा आहे' हे मत जमेलाही जात नाही आणि नावेही पडत नाही. पिक्चर त्याला आवडला तर "साहेबांनी सांगितलंवतं", आणि नाही आवडला तर "मी कुठं चांगला म्हटलं होतं?" आमच्या हेडकॅशियरांची पद्धत याहून सोपी आहे. त्यांच्याकडे पिक्चरचे दोनच प्रकार : वसूल आणि बुडीत. मल्टिप्लेक्समध्ये तिकिटापेक्षा पॉपकॉर्न महाग, हे पाहिल्यापासून "मुद्दलापेक्षा व्याज जास्त" म्हणून ते घरीच बसतात आणि न पाहिलेल्या पिक्चरांवर अधिक ठामपणे बोलतात. वादात त्यांचं ठेवणीतलं अस्त्र म्हणजे १९२५ सालचा 'सावकारी पाश'. त्यात सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि त्या तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. मी कर्ज विभागात होतो तेव्हा हा विषय निघाला, की मी खिडकीतून बाहेर बघत असे.

आमच्या लहानपणी मतांचा एवढा पसारा नव्हता. टॉकीज ठरलेली होती. पद्मा, उषा, पार्वती, ऊर्मिला. "काल पार्वतीला गेलो होतो, उद्या उषाला जाणार आहे," असं आमचे एक काका भर पंगतीत बोलले आणि नव्यानं घरात आलेल्या पुण्याच्या काकू ताटावरून उठल्या, अशी आमच्या घरात दंतकथा आहे.

असो. गेल्या दोन-तीन वर्षांत पाहिलेल्या पिक्चरांबद्दल काउंटरवर जे बोलता आलं नाही, ते इथं बोलून घेतो. इथं रांग नाही.

पहिला 'बाईपण भारी देवा'. २०२३ साली हा लागला तेव्हा आमच्या हिच्या भिशीच्या मंडळानं नऊवारी नेसून, वर काळे गॉगल लावून जायचं ठरवलं. गाड्या कमी पडल्या म्हणून मला ड्रायव्हर म्हणून नेलं. थिएटरात मी आणि दारावर तिकीट बघणारा, असे दोनच पुरुष होते. त्यातला तो दिवे गेल्यावर बाहेर गेला. पडद्यावर सहा बहिणी. प्रत्येकीची तऱ्हा वेगळी, एकमेकींशी धड बोलत नाहीत, आणि मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. इंटर्व्हलच्या आधीच शेजारच्या अनोळखी बाई डोळे पुसत मला म्हणाल्या, "आमची थोरली अश्शीच हो!" मी मान हलवली. त्यांनी पिशवीतून चकली काढून दिली. एवढ्या मोकळेपणानं मला सासुरवाडीतसुद्धा कुणी चकली दिलेली नाही.

परतताना बाकीच्या बायका गाडीत फुगड्यांवर बोलत होत्या. आमची ही गप्प. आईच्या पाटल्या कुणी ठेवायच्या यावरून हिचं नि हिच्या थोरल्या बहिणीचं चार वर्षं बोलणं बंद होतं. घरी आल्यावर हिनं गॉगल काढला आणि फोन लावला. फोन एक तास चाळीस मिनिटं चालला. पहिली दहा मिनिटं दोन्हीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता. सोमवारी खातेदारानं विचारलं, "कसा हाय?" मी म्हटलं, "बरा आहे." हे बोलताना मात्र मला पहिल्यांदाच आपण हिशेबात काही तरी दडवतोय असं वाटलं.

दुसरा 'ट्वेल्थ फेल'. हाही २०२३ चाच. चंबळकडचा गरीब मुलगा बारावीत नापास होतो, दिल्लीत पिठाच्या गिरणीत काम करून रात्री अभ्यास करतो आणि शेवटी आयपीएस होतो. आमच्या मॅनेजरांनी हा सगळ्या स्टाफनं पाहावा असं सुचवलं. ऑफिसरच्या परीक्षेला मी दोनदा बसलो आहे, हे त्यांना ठाऊक आहे. पिक्चरमध्ये नापास झालेल्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, असा मंत्र आहे. तो ऐकल्यावर आमच्या कन्येनं अंधारात माझ्याकडे वळून पाहिलं. मी पडद्यावरची नजर हलवली नाही. घरी येऊन तिला एवढंच सांगितलं, "त्याला गिरणी मिळाली होती. गिरणीत निदान पीठ पडताना दिसतं." पिक्चर फार चांगला आहे. म्हणूनच मी पुन्हा पाहणार नाही.

तिसरा, २०२४ सालचा 'लापता लेडीज'. आगगाडीत दोन नवऱ्या, दोघींचा घुंगट सारखाच. नवरा घाईत दुसऱ्याचीच बायको घेऊन उतरतो. मग हरवलेलीला शोधायला फोटो दाखवतो, तर फोटोतही घुंगट! थिएटर हसत होतं. मी बँकेचा माणूस असल्यामुळे मला हसू जरा उशिरा आलं आणि लवकर गेलं. दर नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनीतल्या म्हाताऱ्या हयातीचा दाखला द्यायला येतात. जन्मभर भांगलण करून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या. मशीनवर अंगठा ठेवला की मशीन म्हणतं, ओळख पटत नाही. "मावशी, पुन्हा लावा." पुन्हा नाही. "मावशी, हात पुसून लावा." तरी नाही. एक मावशी शेवटी म्हणाली, "आरं, मीच हाय की रं लेकरा!" मी तिला पंधरा वर्षं ओळखतो. मशीन ओळखत नव्हतं. शेवटी डोळ्याच्या बाहुलीवर भागलं, पण तोवर दोन तास माझ्यासमोर एक जिवंत बाई हयात नव्हती.

आता चौथा आणि शेवटचा. पण त्यासाठी आधी आमच्या आबांची ओळख करून द्यायला हवी.

आबा प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीपर्यंत चौथीच्या वर्गाला शिवाजीमहाराजांचा इतिहास शिकवत आणि त्यात एक धडा स्वतःच्या पदरचा घालत. तो धडा असा : १९६४ साली भालजी पेंढारकरांचा 'मराठा तितुका मेळवावा' आला. त्यात आबा मावळे होते. वय अठरा. दोन दिवस भाला घेऊन पळायचं, दुपारी भात-आमटी. उंच असल्यामुळं कुणी तरी ओरडलं, "ए उंच्या, मागं सर!" आबा मागं सरले आणि इतिहासात मागंच राहिले.

लहानपणी हा पिक्चर कुठं लागला की आबा आम्हांला न्यायचे. ते दृश्य जवळ आलं की खुर्चीत पुढं सरकायचे. "आता येतोय... आता येतोय... गेलो!" मावळे पळून गेलेले असायचे. आम्हां भावंडांना कधीही कुणी दिसलं नाही. "दिसलो न्हवं?" असं विचारलं की आम्ही खरं सांगायचो, कारण खरं बोलावं असं त्यांनीच शिकवलं होतं. आई मात्र म्हणायची, "मला दिसले." एकदा स्वयंपाकघरात मी तिला खोदून विचारलं. ती भाकरी थापत म्हणाली, "मला तरी कुठं दिसले? लग्न ठरल्यावर पहिल्यांदा दाखवायला नेलं, तेव्हा होय म्हणून टाकलं. आता चाळीस वर्षांनी कशाला बदलू?" आई जाऊन सहा वर्षं झाली. होय म्हणणारं घरात कुणी उरलं नाही.

तर २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' लागला. आबांना घेऊन गेलो. शेवटी सगळं थिएटर रडत होतं, कुणी घोषणा देत होतं. आबा मात्र पूर्ण वेळ पडद्याच्या कडांकडे बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "राजाचं काम चांगलं केलंय पोरानं. पण कडंच्या माणसांकडं कुणी बघतच न्हाई."

मी म्हटलं, "आबा, हल्ली शंभर माणसं उभी करतात आणि कॉम्प्युटरवर त्यांची दहा हजार करतात."

आबा थांबले. "मग नऊ हजार नऊशे जणांना जेवण न्हाई?"

"नाही."

"आणि त्या शंभरातल्या एकानं घरी जाऊन काय सांगायचं? कुठला मी म्हणून?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री जेवणं झाल्यावर कन्येनं मोबाईलवर 'मराठा तितुका मेळवावा' शोधून काढला. बरोबर ते दृश्य आलं. "आता येतोय..." आबा म्हणाले आणि कन्येनं बोट ठेवून पिक्चर थांबवला. साठ वर्षांत पहिल्यांदा मावळे पळून गेले नाहीत. सगळे जागच्या जागी उभे. आबांनी चष्मा पुसला, मोबाईल नाकाशी नेला, खूप वेळ पाहिलं आणि थरथरतं बोट टेकवलं. "ह्यो मी."

मी पाहिलं. तो मावळा शेजाऱ्याच्या खांद्याएवढा होता. भाला डाव्या हातात होता. आबा उंच आणि उजवे. कन्या माझ्याकडे बघायला लागली.

मी वीस वर्षं सह्या ताडून पाहतो आहे. 'र'चा काना जरा आखूड दिसला तर चेक परत करतो. बँकेत 'सस्पेन्स' नावाचं एक खातं असतं. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती त्यात टाकून ठेवतात आणि कधी तरी निकालात काढावी लागते. ही रक्कम साठ वर्षं पडून होती, आणि तिला जामीन राहिलेली एकच व्यक्ती सहा वर्षांपूर्वी गेली होती.

"होय आबा," मी म्हटलं. "तुम्हीच."

आबांनी मोबाईल खाली ठेवला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पिक्चर कसा वाटला?"

काउंटर बंद होता. मागं रांग नव्हती.

"चांगला आहे," मी म्हटलं.

सोमवारी पहिल्या खातेदारानं पासबुक पुढं सरकवलं. "काय साहेब, काय बघितलासा?"

"एक जुना बघितला. भालजींचा. आमचे आबा आहेत त्यात."

"व्हय?" तो दोन्ही कोपर काउंटरवर टेकून म्हणाला, "आमचा आज्जापण हुता की त्यात!"

मी त्याचं पासबुक भरून दिलं. पुरावा मागितला नाही.