बंडीचा आतला खिसा

अमरकोशात ‘नीवी’ या शब्दाचे दोन अर्थ सापडतात : स्त्रियांच्या वस्त्राची कमरेची गाठ आणि व्यापाऱ्याचे भांडवल. भांडवल कमरेसच बांधून हिंडण्याच्या रीतीवरून दुसरा अर्थ निघाला असावा, असा आमचा आपला तर्क. पैशांचा कसा, पानसुपारीची कप्प्याकप्प्यांची चंची, वारकऱ्याची पडशी ही सारी त्याच कुळातली. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे जे प्रेत सापडले, त्याच्याही कमरपट्ट्यास चामड्याची पिशवी शिवलेली होती व तीत गारेची हत्यारे, हाडाची आरी आणि विस्तव पेटविण्याची अळंबी होती.

आमच्या घरी या विषयास तोंड फुटले ते वडील बंधूंच्या मधुमेहामुळे. दादा इन्शुलिन घेतात. दोन वर्षांमागे रोवणीच्या दिवसांत सकाळची सुई टोचून ते पवनीकडील शेतावर गेले आणि न्याहारी पोचण्यास उशीर झाला. धुऱ्यावरच त्यांस दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. रक्तातील साखर उतरल्याचीच ही लक्षणे. परंतु भोवतालच्यांनी ऊन लागले असे समजून वारा घातला. ग्लुकोजची पुडी घरी फडताळात! गिळण्याइतकी शुद्ध होती म्हणून बरे. रोवणीच्या एका बाईने आपल्या पदराची गाठ सोडून गुळाचा खडा त्यांच्या तोंडात घातला.

त्याच आठवड्यात आम्ही सुईदोरा हाती घेतला. बंडीस आतून, डाव्या अंगास, मांजरपाटाचा खिसा लावला. (आमच्याकडे बैलगाडीसही बंडी म्हणतात, ही अंगातली.) प्रथम गुंडी लावणार होतो. वहिनी म्हणाल्या, “भावजी, कापऱ्या हाताने गुंडी कशी निघायची?” ही गोष्ट कोणत्याही शिंप्यास सुचली नसती. गुंडीऐवजी चार बोटे रुंदीची झडप ठेविली. खोली मूठभर, नाहीतर बांधीत वाकताच पुडी चिखलात. घामाने साखरेचा गोळा होतो व मुंग्याही लागतात, म्हणून आतून मेणकापड. नुसता धावदोरा टिकत नाही. उलटी टीप घालावी व कोपरे तीनदा शिवावेत.

पुडीत सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे ग्लुकोज असते. पाव तासाने बरे न वाटल्यास पुन्हा तितकेच द्यावे. मनुष्य बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये; तत्काळ दवाखाना गाठावा. शेजारी एक चिठ्ठी : नाव, व्याधी, घरचे दोन दूरध्वनी.

चारही बंड्यांस असे खिसे केले व प्रत्येकात निराळी पुडी ठेविली. कारण एका बंडीतून दुसरीत पुडी घालण्याचेच नेमके राहून जाते. दादा प्रथम कुरकुरले, “मला काय फिरते दुकान करता?” आता धुण्यास टाकताना स्वतःच पुडी काढून ठेवतात.

सूनबाई नोकरीनिमित्त रोज भंडाऱ्यास जाते. पुरुषाच्या सदऱ्यास शिंपी न विचारता खिसा लावतो. तिच्या कुडत्यास सांगूनही लावला नव्हता. तिने शिवण उसवून तो स्वतः बसविला. टीप आमच्याहून बारीक आहे.