घर कोणाच्या नावावर?

पर्यटनावरच्या प्रबंधासाठी गोव्यात पेडण्याच्या किनारी गावांत आणि डिचोलीत घरोघरी फिरत होते, तेव्हा पिशवीत एक प्रश्नावली असायची. तिचा साचा जगभर जवळपास सारखाच. 'पर्यटनामुळे गावात रोजगार वाढला', 'पर्यटनामुळे पाण्याची टंचाई जाणवते' अशी विधाने वाचून दाखवायची आणि 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंतच्या पाच रकान्यांपैकी एकात खूण करायची. हरमलच्या एका काकींनी सगळी विधाने आमसुले उलटीसुलटी करता करता ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "सगळें खरें गो बाय." पैसा आला हे खरे, विहिरीच्या पाण्याला चव राहिली नाही हेही खरे. माझ्या तक्त्यात त्या एकाच वेळी पर्यटनाच्या कट्टर समर्थक आणि कट्टर विरोधक ठरत होत्या.

पर्यटनाच्या अभ्यासात डॉक्सी या अभ्यासकाची १९७५ सालची मांडणी अजून शिकवतात. पाहुणे येऊ लागले की गाव आधी हरखते, मग त्याला त्यांचे काही वाटेनासे होते, मग चीड येते आणि शेवटी उघड वैर. मांद्र्याला एका अंगणात मला या चारही पायऱ्या एका वेळी बसलेल्या दिसल्या. सुनेने मागच्या दोन खोल्या सीझनला भाड्याने दिल्या होत्या, ती खुशीत. सासऱ्यांना कशाचेच काही नव्हते. मुलाला रात्रीच्या संगीताचा वैताग. आणि शेजारचे गृहस्थ, ज्यांच्या माडाच्या भाटात आता बाहेरच्या कुणाच्या झोपड्या उभ्या आहेत, ते 'पर्यटन' म्हणताच उठून गेले. भाट त्यांनी पिढ्यान् पिढ्या शिंपले होते, पण कागदावर ते भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे. भाटकाराने ते लीझवर दिले. यांना कुणी विचारलेही नाही.

खरी अडचण मात्र पहिल्याच पानावर होती. नाव, वय, शिक्षण यांच्या खाली एक साधा प्रश्न: घर स्वतःचे की भाड्याचे? तो मी घाईत उरकण्याच्या यादीत धरला होता. पेडण्यात त्यावर खूण करता करता अर्धा तास जाई. घर आमचे, जमीन भाटकाराची, आम्ही मुंडकार. १९७५च्या मुंडकार कायद्याने हुसकावण्यापासून संरक्षण मिळाले आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्कही, पण अर्ज आजोबांनी केला होता, तो अजून चालू आहे. मग मुलगा पाटीवर 'रूम्स' कसे लिहिणार? परवाना मागायला गेले की आधी घराचे कागद. ज्याच्याकडे ते आहेत तो खोल्या बांधतो, लीझवर देतो, सीझनच्या पैशात गाडी घेतो. नाही तो त्याच खोल्यांच्या चादरी धुतो. दोघांनाही माझ्या प्रश्नावलीत 'पर्यटनातून उत्पन्न: होय' अशीच खूण.

पेडण्यातल्याच मोपाच्या पठारावर हे आणखी उघड दिसते. तिथल्या मनोहर विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ला झाले आणि ५ जानेवारी २०२३पासून विमाने उतरू लागली. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना भरपाई मिळाली. कमी म्हणा, उशिरा म्हणा, पण तिच्यावर भांडता तरी आले. ज्यांची गुरे पठारावर नुसती चरत होती, त्यांच्याकडे भांडायलाही कागद नव्हता.

डिचोलीत आले की सूर बदलतो. इथे पर्यटनाची तुलना कुणी पेडण्याशी करत नाही, जो तो खाणीशी करतो. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीझांचे नूतनीकरण रद्द केले. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात गंजले. त्यामुळे गर्दी, कचरा, आवाज अशी विधाने वाचली की लोक हसायचे. लाल धुळीत घराची खिडकी वर्षानुवर्षे न उघडलेल्या माणसाला पाच बसगाड्यांचा आवाज काय सांगता! हे हसू मोजायला पाच रकान्यांत जागा नाही, आणि ते गाळून काढलेली सरासरी मला तरी फारशी कामाची वाटत नाही.

पण डिचोलीत पाहुणा मुक्कामाला राहत नाही. नार्व्याला सप्तकोटेश्वर बघतो, हरवळ्याची लेणी आणि धबधबा, मये तलावावर फोटो, आणि संध्याकाळी परत किनाऱ्यावर. गावात उरतो तो शेंगदाण्याच्या पुडीचा आणि शहाळ्याचा पैसा. मग मुक्काम वाढवा, घरगुती निवास काढा, असे सगळेच सांगतात. मयेत हे सांगणे अवघड जाते. गोवा मुक्तीनंतर गावचा जमीनदार परागंदा झाला आणि मयेची जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. घरे, बागायती, शेते सगळी त्यात. २०१४ साली सरकारने कायदा करून ती जमीनदारी संपवली आणि पुढे जमिनीच्या सनदा देणे सुरू केले. मधल्या पन्नासेक वर्षांत माणसे जन्मली, लग्ने झाली, घरांना मजले चढले. पायाखालची जमीन कुणाची, हा प्रश्न तसाच.

प्रश्नावली मी पुढे बदलली. घर, घराखालची जमीन, शेत-बागायत, प्रत्येकाचा कागद कुणाच्या नावे, असे तीन ओळींचे कोष्टक घातले. मार्गदर्शक म्हणाले, हा पर्यटनाचा प्रबंध आहे की महसूल खात्याचा? पण वय, शिक्षण, उत्पन्न यांच्यापेक्षा माणसाचे पर्यटनाबद्दलचे मत त्या कोष्टकावरून मला जास्त नीट उमगत गेले. ते ठेवले.

मयेच्या एका मावशींना सनद मिळाली होती. कोष्टक भरून झाल्यावर त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली. हरमलला डिसेंबरात खोलीचे किती घेतात? पाणी चोवीस तास लागते का? रशियन माणसे भात खातात का? एकेक उत्तर ऐकून त्या मनात हिशेब करत होत्या. मग म्हणाल्या, "इथे कोण देतलो तितले?" आणि लगेच, ट्रक विकून किती येतील ते मुलाला विचारायला आत गेल्या.