मागच्या फळीवरचा माणूस

मिनेसोटात मेच्या मध्यावर वॉलआय माशाचा हंगाम उघडतो आणि त्याआधीचे काही आठवडे मासेमारीच्या दुकानांत मोटरींभोवती गर्दी असते. नवी मंडळी विचारतात: रिमोट मिळतो का? बॅटरी लिथियमची घ्यावी की शिशाची? ऐंशीच्या दशकात मी इथे आलो तेव्हा पहिला प्रश्न वेगळाच असे. होडीत मागे कोण बसणार?

कारण ट्रोलिंगची, म्हणजे होडी संथ सरकवत गळ ओढण्याची, छोटी विजेची मोटर मागच्या फळीला अडकवलेली असे. हातात दांडा, वेगाच्या पाच पायऱ्या, पायाशी साठेक पौंडांची बॅटरी. मागे बसणाऱ्याने होडी उलटी, म्हणजे बूड वाऱ्याकडे करून हाकायची. मोटर वाऱ्याच्या बाजूला राहिली की नाळ आपोआप मागून ओढली जाते, वाऱ्याने भरकटत नाही. लाटा मात्र थेट पाठीवर फुटतात. मिल लॅक्ससारख्या प्रचंड पण उथळ तळ्यात (सगळ्यात खोल जागा जेमतेम ४२ फूट) वारा सुटला की बुटक्या, चिडक्या लाटा उठतात. तिथे पाण्याखालच्या उताराची कड धरून ताशी मैल-दीड मैलाने सरकत राहायचं, तेही गळ पुढच्याच्या हातात असताना! आमच्या गावच्या खाडीतही पाग टाकणारा एक आणि वल्हं धरणारा दुसरा असे, त्यामुळे ही विभागणी मला परकी वाटली नाही.

ही मोटर मुळात जुगाडच. १९३४ साली नॉर्थ डकोटातल्या फार्गोमध्ये एकाने फोर्डच्या मॉडेल ए गाडीचा स्टार्टर काढला, त्याला लवचीक दांडा आणि पंखा जोडला. पुढे कितीतरी वर्षं तिची अक्कल फारशी वाढली नाही. कमी वेगावर उरलेली वीज तारेच्या वेटोळ्यात नुसती तापून वाया जायची. आता इलेक्ट्रॉनिक्स विजेचे बारीक तुकडे पाडून हवी तेवढीच पुढे सोडतं, म्हणून संथ चालीत तीच बॅटरी कितीतरी जास्त पुरते. या सुधारणेचं कौतुक कुणी करत नाही. मला ती सगळ्यात मोठी वाटते.

निवडीचा जुना आडाखा अजून टिकून आहे: माणसं-सामानासकट होडीच्या दर १०० पौंड वजनामागे किमान २ पौंड जोर. १२ व्होल्टवर साधारण ५५ पौंडांपर्यंत भागतं, त्यापुढे २४ किंवा ३६ व्होल्ट, म्हणजे शिशाच्या दोन-तीन बॅटऱ्या आल्या. वाऱ्याच्या तळ्यावर जाणार असाल तर हिशेबाला चिकटून राहू नका, वरचीच घ्या. दांड्याच्या लांबीकडे लोक अजूनही दुर्लक्ष करतात. हल्ली मोटर नाळेवर बसते आणि लाटेबरोबर नाळ उचलली की आखूड दांड्याचा पंखा हवेत भिरभिरतो.

२०१० च्या सुमारास जीपीएसवाली मोटर आली. बटण दाबलं की ती स्वतःच होडी एका जागी धरून ठेवते. नांगर नको, दोर नको. माझा खांदा आता कुरकुरतो आणि तरीही मी वाऱ्याच्या दिवशी एकटा तळ्यावर जातो तो तिच्याच जिवावर. मागच्या फळीवर कुणी लागत नाही.

त्या ओल्या पाठीची मला आठवण येत नाही. पण शेजारच्या म्हाताऱ्याबरोबर जायचो तेव्हा “जरा डावीकडे”, “हळू, हळू”, “थांब, इथेच” असं सारखं बोलणं चालू असे. त्यातूनच मग त्याच्या शेताच्या, माझ्या गावाच्या गोष्टी निघत. आता मुलगा येतो. दोघांचे गळ एकाच वेळी पाण्यात असतात, रिमोट त्याच्या गळ्यात. “थांब, इथेच” म्हणायला मी तोंड उघडतो, तोवर होडी थांबलेली असते.