खुशीच्या पैशांची नोंद

टिपवर कर नसावा, असं मी आयुष्यातली बरीच वर्षं ठामपणे म्हणत आलो. घरात म्हटलं, आमच्या माजरीच्या चहाटपरीवर म्हटलं, पगार विभागातल्या सहकाऱ्यांशी त्यावरून वाद घातला. आज माझं मत नेमकं उलट आहे. टिप हे कमाईचंच एक रूप आहे आणि ती कमाई कायद्याच्या हिशेबात धरली गेली पाहिजे. मत असं का फिरलं, ते नीट सांगायला हवं, कारण ज्यांच्या बाजूनं मी तेव्हा बोलत होतो त्यांच्याच बाजूनं मी आजही बोलतो आहे.

माझी सगळी नोकरी कोल इंडियाच्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) पगार विभागात, कोळशाच्या पट्ट्यात गेली. हजेरी, महागाई भत्ता, ओव्हरटाइम, रविवारची ड्युटी, मग सीएमपीएफची, म्हणजे कोळसा खाण भविष्यनिर्वाह निधीची, कपात आणि शेवटी आयकर, या रकान्यांत माझे दिवस गेले. दसऱ्याच्या आधी कामगारांना जी एकरकमी रक्कम मिळते तिला कागदावर कामगिरीशी निगडित बक्षीस म्हणतात. माजरीत सगळे बोनसच म्हणतात. कोल इंडियाच्या कामगारांना ती २०२४ मध्ये ९३,७५० रुपये आणि २०२५ मध्ये १,०३,००० रुपये मिळाली. ही रक्कमही करपात्र. दरवर्षी खिडकीशी कोणी ना कोणी विचारायचंच, "सायेब, बोनसवरबी टॅक्स?" उत्तर ठरलेलं होतं, पण ते देताना मला बरं वाटत नसे. सणाच्या तोंडावर हातात येणाऱ्या पैशातून कपात करणारा माणूस कोणाला आवडतो? तेव्हाच मनात बसलं की निदान हॉटेलातल्या पोऱ्याच्या हातावर ठेवलेल्या पन्नास रुपयांना तरी सरकारनं हात लावू नये. तो पैसा देणाऱ्याच्या खुशीचा. लग्नातल्या आहेरावर कर नाही, मग यावर का असावा?

हा आहेराचा मुद्दा मला फार दिवस बिनतोड वाटत होता. तो तसा नाही. आहेराला सूट आहे ती लग्नापुरती. एरवी नात्यात नसलेल्यांकडून वर्षभरात पन्नास हजारांच्या वर भेट मिळाली तर ती करपात्र धरली जाते. आणि आहेर कामाबद्दल मिळत नाही. टिप कामाबद्दलच मिळते. वाढप्यानं पाणी वेळेवर आणलं, ड्रायव्हरनं सामान उचललं, गाइडनं पहाटेच्या थंडीत दोन तास पाऊलखुणा वाचल्या, म्हणून ती मिळते.

या विषयावरचा आपल्याकडचा मोठा निकाल २०१६ चा. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलात ग्राहक कार्डानं बिल भरताना टिपही त्यातच देत. हॉटेल ती रक्कम नंतर कर्मचाऱ्यांत वाटे. आयकर खात्याचं म्हणणं होतं की ही पगाराचीच रक्कम, तेव्हा हॉटेलनं तिच्यातून कर कापायला हवा होता. दिल्ली उच्च न्यायालयानं २०११ मध्ये खात्याची बाजू उचलून धरली. आयटीसी विरुद्ध आयकर आयुक्त या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. कुरियन जोसेफ आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी २६ एप्रिल २०१६ रोजी तो निकाल फिरवला. टिप देणारा ग्राहक आहे, मालक नाही. मालक ती फक्त विश्वस्तासारखी सांभाळून पुढे देतो. म्हणून तो पगार नव्हे आणि मालकावर कर कापण्याचं बंधन नाही.

बातमी वाचली तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण निकालाचा दुसरा भाग मी तेव्हा भरभर वाचला. टिप करमुक्त आहे असं न्यायालयानं म्हटलेलं नाही. कर्मचाऱ्याच्या हातात ती 'इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न' ठरते आणि त्याचा हिशेब त्यानं स्वतः द्यायचा असतो. पहिल्या भागाचाही एक परिणाम माझ्या लक्षात आला नव्हता, आणि पगार विभागातल्या माणसाच्या तो सगळ्यात आधी लक्षात यायला हवा होता. पगार नाही म्हटलं की त्यावर भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटीत त्याची गणना नाही. माणसाच्या घरात निम्मा किराणा ज्या पैशानं येतो, तो पैसा त्याच्या नोकरीच्या कागदांवर कुठेच नसतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. काही वर्षांपूर्वी ओळखीतला एक अठ्ठावीस वर्षांचा मुलगा वरोरा रस्त्यावर ट्रकच्या धडकेत गेला. ताडोबाजवळ मोहर्लीच्या बाजूला एका रिसॉर्टवर तो वाढपी होता आणि हंगामात सफारीची गाडीही चालवायचा. मागे बायको, लहान मुलगी आणि म्हातारी आई. नुकसानभरपाईचा दावा लावायचा होता, वकिलानं कागद मागितले, म्हणून ते घर माझ्याकडे आलं. कागद जमवणं हे माझं आयुष्यभराचं काम. रिसॉर्टनं पगाराचं पत्र दिलं. पगार जेमतेम. मी त्याच्या बायकोला विचारलं, टिप किती मिळायची? ती म्हणाली, "किराणा तं त्याच पैशातून येत होता, काकाजी. पगार बँकेत, अन् हे रोज हातात." महिन्याला पाच हजारांच्या खाली कधी नव्हती, असं ती म्हणाली. मला ते खोटं वाटलं नाही. पण दाखवायचं काय? पासबुकात नाही, पावती नाही, विवरणपत्र कधी भरलेलंच नाही.

दाव्यात पत्रातला पगार तेवढा धरला गेला.

त्या रात्री मी कागदावर टिपपोटी बुडालेल्या भरपाईचा एक हिशेब मांडला. तो इथे देतो, कारण माझं मत फिरवण्याचं काम त्यानंच केलं. महिन्याला ५,००० म्हणजे वर्षाला ६०,०००. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या प्रणय सेठी निकालात सांगितल्याप्रमाणे चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असलेल्या माणसाच्या बाबतीत भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे. झाले ८४,०००. अवलंबून असलेली माणसं दोन-तीन असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करायचा. उरले ५६,०००. सर्वोच्च न्यायालयाच्याच सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे २६ ते ३० वयाला गुणक १७. म्हणजे ९,५२,००० रुपये.

साडेनऊ लाख. महिन्याच्या पाच हजारांची नोंद नव्हती एवढ्या कारणानं.

आणि नोंद असती तर कर किती लागला असता? त्या वेळी पाच लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला पूर्ण सवलत होती. पगार आणि टिप मिळूनही तो त्याच्या पुष्कळ खाली होता. कर शून्य. मी इतकी वर्षं ज्याला संरक्षण समजत होतो, त्यातून त्या घराचा एक रुपया वाचला नव्हता.

माझ्या शेजारी एक पोरगा खाणीवर कंत्राटदाराकडे डंपर चालवतो. धूळ, रात्रपाळी, पावसाळ्यात घसरणारा रस्ता. त्याच्या पगाराचा प्रत्येक रुपया कागदावर आहे, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, आणि उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं तर तो करही भरेल. याच्याएवढीच कमाई मोठ्या शहरातल्या पंचतारांकित हॉटेलात कोणी निम्मी पगारातून आणि निम्मी टिपमधून करत असेल, तर त्याला निम्म्या कमाईवर सूट का? दोघांच्या घामात फरक काय? टिपला सूट द्या असं म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी ढाब्यावरचा पोऱ्या असायचा. त्याला सूट नकोच आहे, कारण तो करापर्यंत पोचतच नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. अशा वेळी टिप करमुक्त केली तर फायदा होईल तो बारा लाखांच्या वर कमावणाऱ्यांना. त्यांच्यासाठी मी टपरीवर भांडत होतो, हे मला आता पटत नाही.

अमेरिकेत नेमकं हे झालं. २०२४ च्या जूनमध्ये लास वेगासच्या सभेत ट्रम्प यांनी टिप करमुक्त करण्याचं वचन दिलं. ४ जुलै २०२५ रोजी त्यांनी सही केलेल्या कायद्यानं टिपच्या उत्पन्नात वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत वजावट दिली, ती २०२५ ते २०२८ या वर्षांपुरती. पण येल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आधीच दाखवलं होतं की टिपवर जगणाऱ्यांतले एक तृतीयांशाहून जास्त लोक मुळात केंद्रीय आयकर भरण्याइतके कमावतच नाहीत. त्याच देशात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायचा किमान पगार तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तेवढाच. काही राज्यांनी तो वाढवला, केंद्राचा आकडा हललेला नाही. टिप मिळतेच ना, मग पगार कशाला वाढवायचा? हा प्रश्न मी आपल्याकडेही मालकांच्या तोंडून ऐकला आहे, इतक्या सहजपणे की विचारणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पगाराऐवजी टिपवर पोट सोडलं की काय होतं, हे ताडोबात आणखी स्पष्ट दिसतं. मोहर्ली आमच्याच भद्रावती तालुक्यातलं. तिथले गाइड आसपासच्या गावांतली माणसं, आता त्यात बायकाही आहेत. वाघ दिसला की पर्यटकाचा हात सैल सुटतो. नाही दिसला तर गाइड तेवढेच तास गाडीत उभा राहिलेला असतो, तेवढंच जंगल त्यानं दाखवलेलं असतं, आणि बहुतेक वेळा रिकाम्या हातानं उतरतो. कमाईचा मोठा भाग वाघाच्या मर्जीवर टाकला की गाड्या वाघाभोवती कशा गोळा होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना गाड्यांनी घेरलं, आणि नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गर्दीची कारणं अनेक असतील. पण गाइडचं ठरलेलं मानधनच पोट भरण्याइतकं असेल, तर ड्रायव्हरला 'गाडी मागे घे' म्हणणं त्याला सोपं जाईल, एवढं मला नक्की वाटतं.

टिपबद्दल बोलताना हॉटेलच्या बिलातला सेवा शुल्काचा आकडा तिच्यापासून वेगळा ठेवला पाहिजे. तो सक्तीनं घेता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते कायम केलं. ते बरंच झालं.

माझ्या नव्या मताविरुद्धचा सगळ्यात जड मुद्दा भीतीचा आहे. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या नोंदी पाहून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरूतल्या गाड्यांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. तो कर वेगळा, पण इकडच्या पोरांनीही ते मोबाइलवर पाहिलं. एका गाइडनं मला विचारलं, "काकाजी, लिवून देलं अन् नोटीस आली तं? आमाले कोन वाचवन?" ही भीती खोटी नाही. कागदाची सवय नसलेल्या माणसाला सरकारी लखोट्यानं झोप लागत नाही, हे मी खिडकीच्या आतून पाहिलेलं आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. जी टिप बिलातून, कार्डातून किंवा अ‍ॅपमधून जाते, तिचा वर्षाचा आकडा मालकानं किंवा कंपनीनं कर्मचाऱ्याला त्याच्या नावानं लेखी द्यावा, जसा आम्ही फॉर्म १६ देत होतो. त्यातून कपात करू नये. अपघाताच्या दाव्यात आणि बँकेत तो कागद उत्पन्नाचा पुरावा म्हणून चालावा. मर्यादेखालच्या माणसाला नोटीस जाणार नाही, हे आयकर खात्यानं मराठीत, साध्या शब्दांत गावोगाव सांगावं. आणि मर्यादेच्या वर जो कमावतो त्यानं, टिप असो की पगार, डंपरवाल्याइतकाच कर भरावा. हातावर ठेवलेल्या रोख नोटेचा हिशेब कोणी ठेवू शकणार नाही. तो ज्याचा त्यानंच सांगावा लागेल, आणि काही जण सांगणार नाहीत. तरीही कायद्यानं तिला उत्पन्न म्हणणं सोडू नये, नाहीतर सांगणाऱ्याच्या शब्दालाही किंमत उरणार नाही.

सध्या मी ओळखीच्या काही पोरांची विवरणपत्रं भरून देतो, पगार आणि टिप दोन्ही दाखवून. कर कोणालाच लागलेला नाही. त्यांच्यातल्या एकाला सफारीसाठी स्वतःची गाडी घ्यायची आहे. बँकेनं गेल्या तीन वर्षांची विवरणपत्रं मागितली आहेत, आणि त्याचं पहिलंच आत्ता भरून झालं आहे.