बारा फोटोंचा कॅमेरा



मागच्या महिन्यात लोणच्याची कृती देईन म्हटलं होतं, ती पुढच्या वेळी. आज माझ्या एका हौसेबद्दल लिहिते. हौस जरा महागडी आहे, आधीच सांगते.

माझ्या मोबाइलमध्ये अकरा हजार फोटो आहेत. एकाच हळदीकुंकवाचे तीनशे! दसलक्षण पर्वात परिग्रहावर प्रवचन ऐकताना माझं लक्ष पर्समधल्या फोनकडेच जात होतं. तेव्हा मनात आलं, सासऱ्यांकडे आगफा क्लिक थ्री होता तसा रोलचा कॅमेरा घ्यावा. त्यात 120 नंबरची फिल्म लागते, सहा सेंटिमीटर रुंदीची. चौकोनी फोटो काढले तर एका रोलमध्ये बाराच बसतात. आपोआप परिमाण व्रत!

मग शोध सुरू झाला. मामिया आरबी 67 हातात घेऊन पाहिला. फोटो मोठे, पण वजन पाटा-वरवंट्याचं. हॅसलब्लाडची किंमत ऐकून यांनी चहाचा कप खाली ठेवला. शेवटी मन बसलं याशिका मॅट 124 जी वर. दोन भिंगांचा, एक वर, एक खाली. वरच्यातून आपण बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. वजन साधारण किलोभर. त्याच्या मीटरला पूर्वी पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता मिळत नाही. पण उजेडाचा अंदाज घ्यायला मोबाइल पुरतो.

या कॅमेऱ्याची एक गोष्ट मला फार आवडली. तो पोटाशी धरून मान खाली घालून काचेत बघायचं असतं. समोरच्यावर डोळा रोखला जात नाही, म्हणून माणसं अवघडत नाहीत. होमाई व्यारावाला यांच्याकडे असाच दोन भिंगांचा रोलायफ्लेक्स होता. काचेत डावं-उजवं मात्र उलटं दिसतं. आपण डावीकडे सरकलो की चित्र भलतीकडेच पळतं.

पुण्यातून जुना कॅमेरा आणला, सोबत दोन रोल. एकेक रोल हजाराच्या वर. फिल्म थंड जागी टिकते म्हणून फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवले.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं, "हे काय गं? औषध आहे का?"

"नाही हो आक्का, फोटोची फिल्म आहे."

"कशाची असते?"

प्लास्टिकची, असं म्हणणार होते. पण आक्का कॅप्सूलसुद्धा वेष्टन विचारल्याशिवाय घेत नाहीत, म्हणून म्हटलं नीट बघून सांगते. बघितलं आणि पोटात गोळाच आला. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण असतात, ते धरून ठेवायला जिलेटिन लागतं. तेच जिलेटिन, जनावरांच्या हाडांचं आणि कातडीचं. 1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने ते काचेच्या प्लेटवर वापरून दाखवलं, आणि पुढे फिल्म आली तीही जिलेटिनचीच. ज्या कागदावर फोटो छापायचे त्यावरही तेच.

दोन दिवस आक्कांना काहीच सांगितलं नाही. खोटं बोलले नाही, पण गप्प राहिले. ते काही वेगळं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बस्तीतून आल्यावर सांगून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. "फ्रीजमधून काढ आधी," एवढंच म्हणाल्या.

मग मीच वाद घातला. आमच्या बैठकीत 1981 च्या महामस्तकाभिषेकाचा फोटो आहे, मामंजींनी श्रवणबेळगोळहून काढून आणलेला. बाहुबलींच्या पायाशी आक्का हिरव्या लुगड्यात उभ्या. "मग त्या फोटोतही तेच आहे ना आक्का? रोज तिथे हात जोडतो आपण."

त्या बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत आहे."

खरं सांगू, मला राग आला. कृत, कारित, अनुमोदना हे पाठशाळेत मुलांना मीच शिकवते. ते आपल्याच फ्रीजमध्ये सापडलं की किती सबबी सुचतात! ही उद्योगी हिंसा म्हणावी, तर माझं पोट फोटोवर चालत नाही. घरकामातली आरंभीही नाही. निव्वळ हौस. रेशमी साड्या सोडल्या तेव्हा मला इतकं जड गेलं नव्हतं, कारण साडीत मला असं काही दिसलं नव्हतं. त्या काचेत दिसलं होतं.

दोन्ही रोल दुकानदाराला परत पाठवले. पैसे परत मिळाले नाहीत. कॅमेऱ्याचं वेष्टनही विचारून घेतलं. ते रेक्झिनचं आहे.

कॅमेरा ठेवलाय. परवा दुपारी परसात आक्का धान्य निवडत बसल्या होत्या. मी याशिकाचं झाकण उघडून मान खाली घातली. काचेत त्या, सूप आणि मागची तुळस, सगळं उलटं पण इतकं शांत! मग वरून मोबाइल धरून त्या काचेचाच फोटो काढला. कडा अंधारलेल्या, काचेवरची धूळही आलीय.

आक्कांना दाखवला. म्हणाल्या, "सूप डाव्या हातात कसं गं माझ्या?"

त्या दिवशी एकच काढला.