दक्षिणमुखी डोंगर

अमेरिकेहून परत आल्यापासून भेटेल तो मला विचारतो, "मग, नायगारा कसा काय वाटला?" मी नायगारा पाहिला नाही. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला, तोही धुक्यातून आणि दुरून. त्या देशात मी खरोखर जवळून पाहिले ते एवढेच, की चार मराठी बिऱ्हाडांनी मिळून एक डोंगर कसा निवडला. हे सांगितले म्हणजे विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. पण माझ्या मते ती हकिकत नायगाऱ्याहून कमी नाही.

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत एडिसन गावाजवळ राहतो. आईला सोबत म्हणून मी कॉलेजातून रजा काढून ऐन हिवाळ्यात तिकडे गेलो होतो. त्याच्या घराच्या आसपास आणखी तीन मराठी घरे आहेत. आईने पहिल्याच आठवड्यात त्यांना गावांवरून नावे देऊन टाकली: नागपूरकर, कोल्हापूरकर आणि दादरकर. तीच मी येथे वापरतो. या चारही घरांना त्या मुलखात सख्खे असे कुणी नाही. मूल तापले की कोल्हापूरकरीणबाई धावतात, गाडी अडली की नागपूरकर. चारही घरांची मिळून मुले सात. धाकटी चिमी चार वर्षांची, थोरला दहाचा.

फेब्रुवारीचा तिसरा सोमवार तिकडे राष्ट्राध्यक्षांच्या नावाने सुट्टीचा असतो. शनिवार, रविवार त्याला जोडून आले की निम्मी अमेरिका बर्फावर घसरायला निघते. आमची चार घरेही दर वर्षी निघत. मात्र आदल्या वर्षीच्या सहलीत एक प्रकार घडला होता. ज्या डोंगरावर ती मंडळी गेली होती तो चांगला मोठा, नामांकित. त्याचे नाव येथे घेत नाही. त्याला पायथे तीन. दादरकरांचा मुलगा, तेव्हा आठ वर्षांचा, नागपूरकरांच्या हवाली होता. एका फाट्यावर नागपूरकर डावीकडे वळले, मुलगा उजवीकडे गेला आणि भलत्याच पायथ्याला उतरला. पाऊण तासाने गस्तीवरच्या माणसांनी त्याला आणून दिले. पोराच्या केसालाही धक्का लागला नव्हता. पण त्या पाऊण तासात दादरकरीणबाई नागपूरकरांना एक वाक्य बोलून गेल्या. ते कोणते, हे मला कुणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. भांडण म्हणावे तर झाले नव्हते. पण त्या दिवाळीत एकमेकांकडे फराळाचे डबे गेले, माणसे गेली नाहीत.

"मग पुन्हा जाताच कशाला?" आईने विचारले.

"नाही गेलो तर ते तसंच राहील, आई," भाऊ म्हणाला.

जानेवारीतल्या एका रविवारी पिठलंभातावर चारही घरांची बैठक बसली. पहिली सूचना कोल्हापूरकरांची: पेनसिल्व्हेनियातील पोकोनोचे डोंगर. दीड तासाची वाट, उंची बेताची, रबरी चकत्यांवर बसून घसरण्याची सोय. ज्याला स्की बांधायच्या नाहीत तोही रमतो. पण न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया ही दोन्ही महानगरे तिथून जवळ, तेव्हा सुट्टीच्या दिवशी रांगा ठरलेल्या. शिवाय सकाळी जाऊन रात्री परतता येते म्हटल्यावर मुक्काम कशाला करायचा? आणि मुक्काम नाही तर चार घरांनी एका चुलीवर स्वयंपाक करण्याचे सुखही नाही. नागपूरकर स्वतः उत्तम घसरतात. त्यांचा ओढा कॅट्स्किलमधल्या हंटर डोंगराकडे. अडीच तासांची वाट, पण त्याची ख्यातीच उभ्या उतारांची. दादरकरांनी व्हर्माँट राज्याच्या उत्तर भागातले स्मगलर्स नॉच सुचवले. तिथे आमच्यापैकी कुणी गेले नव्हते, पण लहान मुलांना शिकवण्याबद्दल त्याचे नाव फार चांगले. अडचण एवढीच, की जायला सहा तासांहून अधिक, यायला तितकेच. तीन दिवसांच्या सुट्टीतले दोन मोटारीत जायचे.

एवढा वेळ माझी भावजय गप्प बसून वाढत होती. ती म्हणाली, "प्रत्येक जण आपल्याला कोणता डोंगर आवडतो ते सांगतोय. चिमीला कोणता झेपेल?"

मग तिने मला, अडाण्याला, डोंगराचे व्याकरण समजावून दिले. तिकडे घसरण्याच्या वाटांना खुणा असतात. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड. पण मेख अशी, की ही प्रतवारी प्रत्येक डोंगराने आपल्यापुरती केलेली असते. एका डोंगराचे हिरवे वर्तुळ दुसऱ्याच्या निळ्या चौकोनाला भारी पडू शकते. मला आमच्या विद्यापीठांतला प्रथम वर्ग आठवला. तेव्हा नकाशावरचे रंग मोजून उपयोग नाही, असे तिचे म्हणणे. तिने तीनच प्रश्न विचारले. अगदी नवख्यांचा उतार बसायच्या जागेवरून दिसतो का? वरून निघालेल्या सगळ्या वाटा एकाच ठिकाणी येऊन उतरतात का? आणि ज्याला घसरायचे नाही त्याने दिवसभर कुठे बसायचे?

दुसऱ्या प्रश्नाला बैठकीत क्षणभर कुणी बोलले नाही. दादरकरीणबाई ताटातल्या भाताकडे पाहत होत्या.

या तीन प्रश्नांतून जो डोंगर निघाला त्याचे नाव ब्रॉम्ली. व्हर्माँटच्या दक्षिण भागात, आमच्यापासून चार-साडेचार तासांवर. उंची ३२८४ फूट. म्हणजे आपली कळसूबाई त्याच्यापेक्षा दोन हजार फुटांनी थोरली. घसरण्याची उंची सुमारे तेराशे फूट. पण त्याच्या साऱ्या वाटा खाली एकाच पायथ्याशी येतात. शिवाय तिकडचे बहुतेक घसरण्याचे डोंगर बर्फ टिकावे म्हणून उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे तोंड करून असतात. हा दक्षिणेकडे तोंड करून बसलेला.

"दक्षिणमुखी?" आई दचकली. "यमाची दिशा! लहान पोरं घेऊन तिथं जायचं?"

"मावशी," कोल्हापूरकर म्हणाले, "मारुती दक्षिणमुखी असला तर तुम्हीच म्हणता ना, फार जागृत देवस्थान?"

आई विचारात पडली. तेवढ्यात भावाने सांगितले, की डोंगर ज्या गावात आहे त्याचे नाव पेरू. गावाचे मूळचे नाव ब्रॉम्लीच. १८०४ साली ते बदलून पेरू ठेवले. ऐकून आई हसली. एवढ्या बर्फात पेरू नावाचे गाव आहे तर ते पाहायलाच हवे, असे तिचे मत पडले. तोवर "मला घरी राहू द्या, माझ्या गुडघ्यांचं तुम्हांला ओझं" हे तिचे पालुपद चालू होते, ते थांबले.

या डोंगराचा इतिहासही मौजेचा आहे. व्हर्माँटमध्ये १९३४ साली वुडस्टॉक गावच्या एका शेतकऱ्याच्या टेकडीवर जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन लावून एक दोर फिरता केला. तो धरला की माणूस ओढला जाऊन वर पोचे. अमेरिकेतला तो असा पहिला दोर. त्यापूर्वी एकदा घसरायचे तर तेवढे चढून जावे लागे. पुढे मिलवॉकीच्या बिअर गाळणाऱ्या प्रसिद्ध घराण्यातला फ्रेड पाब्स्ट याने जागोजागी असे ओढदोर बसवले आणि अखेर बाकीचा पसारा आवरून ब्रॉम्लीवरच ठाण मांडले. १९३६ पासून तिथे घसरणे चालू आहे. आता दोरांऐवजी पाळण्यासारखी आसने माणसांना वर नेतात, आणि आभाळाने दगा दिला तर रात्री तोफांतून पाणी आणि दाबलेली हवा फवारून बर्फ पाडतात.

शुक्रवारी रात्री आम्ही भाड्याच्या घरी पोचलो. दारात उभे असताना भुरभुर बर्फ पडू लागले आणि आईच्या काळ्या कोटाच्या बाहीवर चांदण्या उमटल्या. मी तिला विल्सन बेंटलीची गोष्ट सांगितली. हा व्हर्माँटचाच शेतकरी. १८८५ साली त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचे पहिले छायाचित्र घेतले आणि पुढे जन्मभर पाच हजारांवर कण टिपले.

"मग त्यात दोन तरी सारखे सापडले का रे?"

"नाही म्हणतात."

"इथं सात पोरांत दोन सारखी नाहीत," आई म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी डोंगरावर पोचलो तेव्हा दक्षिणमुखाचा पहिला फटका कळला. दिवसा उन्हाने बर्फ वितळते, रात्री ते गोठते, आणि सकाळी उतार फरशीसारखा कडक असतो. जाणती माणसे अशा डोंगरावर पोरांना घाईने उतरवीत नाहीत. दहा वाजू देतात. तेवढा वेळ बुटांतच जातो म्हणा. ते बूट म्हणजे पायाला घातलेले प्लास्टर. सात मुले, चौदा बूट, चौदा हातमोजे, सात शिरस्त्राणे, आणि सगळे चढवून झाल्यावर कुणीतरी म्हणणार, "मला शू लागली."

लहानांना तिथे शिक्षक शिकवतात. भाषा त्यांनी पोरांच्या पोटातूनच काढली आहे. पुढची टोके जुळवून पायांचा त्रिकोण केला की वेग मोडतो. त्याला म्हणायचे पिझ्झा. दोन्ही पाय समांतर ठेवले की वेग येतो. ते बटाट्याचे तळलेले काप. सरकत्या पट्ट्यावर उभे राहून पोरे चार हात वर जातात आणि पिझ्झा, पिझ्झा असे ओरडत खाली येतात. चिमी पहिल्या तासात सात वेळा पडली, दोनदा रडली, आणि जेवायला बोलावले तर येईना.

दादरकरांचा मुलगा मात्र बूटच घालीना. बळजबरी कुणी केली नाही. तो आईजवळ येऊन बसला. विश्रामगृहाबाहेर ओसरीसारखा लाकडी ओटा होता आणि त्यावर लख्ख ऊन पडले होते. उत्तरमुखी डोंगराच्या पायथ्याशी हिवाळ्यात डोंगराचीच सावली असते, तिथे चौऱ्याहत्तर वर्षांची बाई उघड्यावर बसू शकली नसती. इथे आई लाल शाल पांघरून, थर्मासमधला चहा घेत दिवसभर बसली. मुलगा तिच्या लोकरीचा गुंडा धरून होता.

"वर रस्ते फुटतात, आजी," तो केव्हातरी म्हणाला.

"फुटेनात. खाली सगळे इथंच येतात ना? मी इथंच बसलेय."

त्या दिवशी तो येणारा जाणारा नुसता पाहत राहिला. कोल्हापूरकर एका वाटेने गेले, दुसरीने आले. भाऊ तिसऱ्या वाटेने आला. खरोखरच सगळे त्या ओट्यासमोर येऊन थांबत होते. संध्याकाळी त्याने आपले बूट पायाला होतात का, हे गुपचूप घालून पाहिले.

रविवारी सकाळी नागपूरकर त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "मी चल म्हणणार नाही," ते म्हणाले, "तुला वाटेल तेव्हा सांग. नाही वाटलं तरी चालेल." मुलाने आपल्या आईकडे पाहिले. दादरकरीणबाई पुढे झाल्या, त्याच्या कोटाची साखळी गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाल्या, "भाऊजी, घेऊन जा त्याला."

वर्षभरात त्यांच्या तोंडून 'भाऊजी' हा शब्द निघाला नव्हता, असे भावजयीने मला मागाहून सांगितले.

दोघे पाळण्यात बसून वर गेले. आम्ही खाली थांबलो. वीस मिनिटे फार लांब असतात. सगळ्याच मुलांचे कोट आणि शिरस्त्राणे लांबून सारखी दिसतात. प्रत्येक येणारा आपलाच वाटे आणि पुढे निघून जाई. दादरकरीणबाई एक शब्द बोलत नव्हत्या. आई उठून उभी राहिली, गुडघ्यांचे काय झाले कोण जाणे, आणि लाल शालीचा पदर हातात धरून हलवीत राहिली. मग हिरव्या वर्तुळाच्या वाटेवरून, रुंद पिझ्झा करीत, मुंगीच्या वेगाने एक पोर आले. नागपूरकर त्याच्या मागे होते, पुढे नव्हते.

"आजी, तुझी शाल पार वरून दिसते!" तो ओरडला. ती किती वरून दिसली असेल, हे मी विचारले नाही. तो लगेच पुन्हा वर गेला. नंतर दिवसभर तो आम्हांला जेवणापुरताच दिसला.

त्या रात्री चार घरांच्या चार बायकांनी मिळून एका ओट्यावर थालीपिठे लावली. सोमवारी परतताना दादरकरांची गाडी पुढे होती आणि तिच्यात नागपूरकरांची दोन्ही मुले बसली होती.

आमच्याकडचे कुणी तिकडच्या आप्तांकडे हिवाळ्यात गेले आणि असा डोंगर निवडायची वेळ आली, तर त्याने भावजयीचे तीन प्रश्न जवळ ठेवावेत. गर्दीच्या दिवसांची तिकिटे आणि मुलांच्या शिकवणीच्या जागा आगाऊ घ्याव्यात, म्हणजे खर्चही आटोक्यात राहतो. डोंगर किती उंच, हे शेवटी विचारावे.

आई परत आल्यावर शेजारणींना मी न पाहिलेल्या नायगाऱ्याविषयी नव्हे, पेरू गावाविषयी सांगते. "डोंगर दक्षिणमुखी," ती सांगते, "पण फार जागृत."